वेष्टण फाडले म्हणजे करार झाला?

ज्वारीचे पोते घरी आणून सोडावे आणि आतून चिठ्ठी निघावी की, या ज्वारीची भाकरी शेजाऱ्यास देऊ नये; असा व्यवहार कोणताही शेतकरी वा ग्राहक मान्य करणार नाही. संगणकाच्या आज्ञावलींच्या बाजारात मात्र तो राजमान्य झाला आहे.

अमेरिकेतील प्रोसीडी या कंपनीने तीन हजारांहून अधिक दूरध्वनी-निर्देशिकांतील माहिती तबकडीवर भरून विकली. खोक्यावर सूचना एवढीच की, अटी आत आहेत. विस्कॉन्सिनमधील एका ग्राहकाने ती माहिती स्वस्तात इतरांस पुरवली, तेव्हा बाहेर न दिसणाऱ्या अटी त्याच्यावर बंधनकारक नाहीत, असे खालच्या न्यायालयाने म्हटले. अपील न्यायालयाने १९९६ साली हा निर्णय फिरवला. अटी पटल्या नाहीत तर माल परत करता येत होता. तो केला नाही, म्हणजेच संमती दिली, असा हा युक्तिवाद. पैसे आधी, अटी मागाहून!

आता खोके गेले, पडद्यावर 'मान्य आहे' ही कळ आली. शाळेत वा पतसंस्थेत ती दाबतो यंत्र बसवणारा कारागीर. अनेक यंत्रांवर आज्ञावली एकाच वेळी चढवायची असेल, तर तो होकार आधीच भरून ठेवतो. प्रत्यक्ष वापरणाऱ्याला अटी दिसतही नाहीत. ही संमती नेमकी कोणाची?

निर्मात्याच्या श्रमाला संरक्षण हवे, हे खरेच. ते आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे. आज्ञावलीची राखीव प्रत करण्याचा ग्राहकाचा हक्कही त्याच कायद्यात आहे. उलट, रिचर्ड स्टॉलमन यांच्या पुढाकाराने सिद्ध झालेल्या मुक्त परवान्याची २००७ ची आवृत्ती सांगते की, प्रत घेण्यास व चालवण्यास परवाना स्वीकारण्याची गरजच नाही. बदल वा वितरण करणाऱ्यालाच तो लागतो. बंधन वितरकावर, वापरणारा मोकळा. होकाराच्या कळीवाचून हे काम चालते, याचा हा पुरावा.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'अनुचित करार' ही संज्ञा आणली. पण अशा कराराविरुद्ध जिल्हा आयोगापुढे तक्रार करता येत नाही, राज्य आयोग गाठावा लागतो. काही शे रुपयांच्या आज्ञावलीसाठी गडचिरोलीचा ग्राहक तेथवर जाणार कसा? हा अधिकार जिल्हा आयोगाला मिळावा, ही मागणी ग्राहक संघटनांनी आणि पक्षाच्या आमदारांनी आता लावून धरली पाहिजे.