नकाशा ऐका, पाहू नका

रात्रीचे साडेआठ वाजलेत. पाऊस नुकताच थांबला आहे. पाठीवर जेवणाची चौकोनी पिशवी घेतलेला पंचविशीतला तरुण अनोळखी वसाहतीत घर शोधतो आहे. वळण चुकते आणि हँडलवरच्या मोबाइलमधली निळी रेष बदलते. ती कुठे वळली हे पाहायला तो मान खाली घालतो. मान वर येईपर्यंत पुढची रिक्षा थांबलेली असते. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्रपाळी केलेल्या कुणालाही ही गोष्ट ओळखीची वाटेल. मनगट मोडलेले, गुडघा सोललेला आणि रुग्णाचा पहिला प्रश्न, ‘डॉक्टर, गाडी कधी चालवता येईल?’ कारण गाडी थांबली की घरखर्चही थांबतो.

मोबाइलवर बोलत दुचाकी चालवू नये, हे निदान तोंडाने तरी सगळे मान्य करतात. नकाशा मात्र ‘कामाचा’ म्हणून त्यातून सुटतो. डोळ्यांना आणि मेंदूला असा फरक कळत नाही.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. पडद्यावर दोन सेकंद नजर गेली, तर तेवढ्यात २२ मीटर रस्ता न पाहताच मागे पडतो. ताशी ६० किलोमीटर वेग असेल, तर ३३ मीटर. एवढ्या अंतरात एखादे मूल रस्त्यावर धावत येऊ शकते.

‘समोरचे डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसतेच की,’ असे अनेकांना वाटते. पण आपली नजर खरोखर तीक्ष्ण असते ती अगदी छोट्या भागात. हात लांब केल्यावर अंगठ्याचे नख जेवढे दिसते, साधारण तेवढ्याच. बाकीचे सारे ढोबळ दिसते. मोबाइल हँडलवर, म्हणजे नजरेच्या बराच खाली असल्याने त्याकडे पाहताना रस्ता या ढोबळ भागात जातो. चाळिशी ओलांडलेल्यांची अडचण आणखी वेगळी. डोळ्यातले भिंग ताठर झाल्याने जवळचे अक्षर स्पष्ट व्हायला वेळ लागतो. मग चालक पडद्याकडे झुकतो आणि नजर तिथे जास्त रेंगाळते. रात्री लख्ख पडद्यावरून अंधाऱ्या रस्त्यावर नजर गेली, की क्षणभर काहीच नीट दिसत नाही.

चारचाकीत अशी चूक झाली, तर निदान भोवती पत्रा, पट्टा आणि एअरबॅग असते. दुचाकीवर तोल सांभाळणेही चालकाच्याच हाती, आणि एक हात पडद्यावर गेला की तोही अर्धाच उरतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती.

शिवाय नकाशाचे ज्ञान अपुरे असते. वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांमुळे आपण कुठे आहोत ते कळते, पण कालच्या पावसाने पडलेला खड्डा किंवा उघडे गटार त्यांना माहीत नसते. उड्डाणपुलावर चढायचे की खालून जायचे, इथे तर नकाशाचाही गोंधळ उडू शकतो. नेमक्या त्याच फाट्यावर चालक वेग कमी करून खाली पाहतो आणि मागून वाहने येत असतात.

मग नकाशा वापरूच नये का? जरूर वापरावा, पण कानाने. निघण्यापूर्वी दोन मिनिटे थांबून पूर्ण रस्ता पाहावा, मोठी वळणे लक्षात ठेवावीत आणि पुढे सूचना फक्त ऐकाव्यात. आवाज इतकाच असावा की मागचा हॉर्न बुडणार नाही. ऐकण्यातही लक्ष थोडे विभागतेच, म्हणून गर्दीच्या चौकात सूचनेपेक्षा रस्ता महत्त्वाचा. वळण चुकले तर चुकू द्यावे, नकाशा दुसरा रस्ता सांगतो. पडदा पाहायचाच असेल, तर गाडी कडेला उभी करून पाहावा. हेल्मेट आणि गाल यांच्यात मोबाइल खुपसणे हा उपाय नव्हे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० साली झालेल्या बदलानुसार वाहन चालवताना मोबाइल फक्त मार्ग पाहण्यासाठी आणि तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतो. नियम योग्यच आहे, पण त्याचे सारे ओझे चालकावर टाकून चालणार नाही. ज्याची मजुरी मिनिटांवर मोजली जाते, त्याला ‘थांबून पाहा’ असे सांगणे सोपे आहे. त्याला थांबण्यापुरती उसंत मिळेल असे वेळेचे गणित मांडणे हे कंपन्यांचे काम. गाडी चालू असताना नव्या ऑर्डरचा पडदा समोर येणार नाही, एवढी सोय करणे त्यांना अवघड नाही. शिकाऊ परवाना देतानाही नकाशा कसा वापरावा हे शिकवायला हवे.

आणि एक काम घरी बसलेल्यांचे. पत्ता पुरता लिहावा, जवळची खूण सांगावी आणि ‘कुठे पोहोचलात?’ असा फोन करण्याआधी क्षणभर थांबावे. तो फोन घ्यायला ज्याची मान खाली जाणार आहे, तो त्या वेळी रस्त्यावर असतो. जेवण पाच मिनिटे उशिरा आले तर ते गरम करता येते.