दिवा जवळचा की लांबचा?

संध्याकाळी दुर्गदबैलला खायला गेलात, की रस्त्याच्या पार टोकाचा एखादा दिवा बघा. नुसत्या उजेडावरून तो जवळचा छोटा बल्ब आहे की लांबचा मोठा हॅलोजन, हे सांगता येत नाही. अंतर कळलं तरच दिव्याची खरी ताकद कळते. आकाशातही हीच अडचण आहे आणि तिथलं एक मोठं कोडं सोडवणाऱ्यांत आपल्या हुबळीत वाढलेले एक शास्त्रज्ञ होते, डॉ. श्रीनिवास कुलकर्णी. जन्म १९५६ साली कुरुंदवाडचा, शालेय शिक्षण हुबळीत, पुढे अमेरिकेत कॅलटेकमध्ये प्राध्यापक. सुधा मूर्ती यांचे ते धाकटे भाऊ.

जवळच्या ताऱ्यांचं अंतर मोजायची युक्ती तुम्हीही करून बघू शकता. हात लांब करून अंगठा धरा आणि आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा सरकल्यासारखा वाटतो ना? सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे सुमारे ३० कोटी किलोमीटरवर जाते. तेवढ्यात तारा किती सरकलेला दिसतो, यावरून त्याचं अंतर निघतं. १८३८ मध्ये बेसेलने ६१ सिग्नी ताऱ्याचं अंतर असंच काढलं. आजच्या हिशेबाने ते ११.४ प्रकाशवर्षं आहे.

पण फार लांबच्या गोष्टी सरकताना दिसतच नाहीत. १९६७ पासून उपग्रहांना गॅमा किरणांचे क्षणिक स्फोट दिसत होते. ते आपल्या आकाशगंगेच्या आसपासचे की तिच्या कितीतरी पलीकडचे, यावर शास्त्रज्ञांचा वर्षानुवर्षं वाद चालला.

८ मे १९९७ ला बेप्पोसॅक्स उपग्रहाने असा एक स्फोट टिपला. लगेच काही दिवसांत मेट्झगर, जोर्गोव्स्की, कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी हवाई बेटावरच्या केक दुर्बिणीतून त्याच्या मागे उरलेल्या उजेडाचा वर्णपट घेतला. त्यात मॅग्नेशियमच्या ओळखीच्या रेषा होत्या, फक्त जागा बदललेली. प्रयोगशाळेत २७९.६ नॅनोमीटरला, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील भागात असणारी रेषा इथे ५१३.१ नॅनोमीटरला, हिरव्या रंगात आली होती.

कॅल्क्युलेटर काढा आणि दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. उत्तर येतं १.८३५. विश्व पसरतं, तसा त्यातून येणारा प्रकाशही ताणला जातो. याला ताम्रसृती म्हणतात. म्हणजे त्या प्रकाशाच्या प्रवासात विश्व १.८३५ पट पसरलं होतं. त्यावरून प्रवासाचा काळ निघतो सुमारे ७०० कोटी वर्षं. रेषा वाटेतल्या वायूच्याही असू शकतात, म्हणून स्फोट निदान तितका लांबचा.

सूर्य आणि पृथ्वीचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं. तो प्रकाश निघाला तेव्हा आपली सूर्यमालाच नव्हती! आणि इतक्या लांबून दिसतो, तर स्फोट किती प्रचंड असेल? वादाचा निकाल त्या एका भागाकाराने लागला.

२०२४ मध्ये डॉ. कुलकर्णींना शॉ पुरस्कार मिळाला. त्यांच्या ज्या कामांसाठी तो दिला गेला, त्यात गॅमा किरण स्फोटांचाही उल्लेख आहे. घरातल्या छोट्यांनी ‘एवढं लांबचं मोजतात कसं?’ असं विचारलं, तर अंगठ्यापासून सुरुवात करा आणि मग हा भागाकार त्यांच्याकडूनच करून घ्या.