रिकाम्या पुंगळीचे अर्थशास्त्र

नेमबाजीच्या मैदानावर बार झाला की गोळी लक्ष्याकडे जाते आणि पितळेची पुंगळी नेमबाजाच्या बाजूला पडते. पाहणाऱ्यांचे लक्ष साहजिकच गोळीकडे असते. परंतु या खेळाच्या खर्चाचा विचार करावयाचा तर लक्ष पुंगळीकडे द्यावे लागते. काडतुसाचे घटक चार : पुंगळी, तिच्या बुडात बसविलेला प्रायमर (ठासणीच्या बंदुकीच्या काळात याच कामासाठी ‘टोपी’ असे), दारू आणि गोळी. यांपैकी तीन घटक एका बारात संपतात. चौथा, जो सर्वसाधारणपणे सर्वांत महाग असतो, तो किंचित फुगलेल्या अवस्थेत पण धडधाकट शिल्लक राहतो. गॅस संपला म्हणून कोणताही गृहस्थ सिलिंडर उकिरड्यावर टाकत नाही. सिलिंडर हे भांडवल आहे आणि आतला गॅस हा चालू खर्च आहे, हे तो न शिकताही जाणतो. काडतुसाच्या बाबतीत मात्र आपल्या देशाने सिलिंडर फेकून देण्याचीच पद्धत स्वीकारली आहे.

अमेरिका-युरोपातील लांब पल्ल्याचा नेमबाज ही पुंगळी उचलून घरी नेतो. ती स्वच्छ करतो, साच्यात दाबून मूळ मापावर आणतो, जळालेला प्रायमर काढून नवा बसवितो, दारू तोलून भरतो आणि तोंडाशी नवी गोळी बसवितो. चांगल्या प्रतीची पुंगळी अशा रीतीने पाच-दहा वेळा सहज वापरता येते. उदाहरणादाखल, तयार काडतुसाची किंमत १०० धरली, तीत पुंगळीचा वाटा ५०, इतर तीन घटकांचा ४० आणि भरणावळ-नफा १० मानला, तर दहा वेळा वापरलेल्या पुंगळीचा खर्च दर बारामागे ५ पडतो आणि एकूण खर्च ४५ वर येतो. आकडे कल्पित असले तरी हिशेबाची दिशा खरी आहे. अर्थात तेथील नेमबाज थट्टेने असेही सांगतात की, काडतुसे स्वतः भरल्याने पैसे वाचत नाहीत, फक्त बार वाढतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. किंमत उतरली की मागणी वाढते. सरावाच्या खेळात बार वाढणे हाच तर खरा लाभ आहे.

हा प्रश्न केवळ पैशाचा असता तरी महत्त्वाचा ठरला असता. परंतु लांब पल्ल्याच्या नेमबाजीत तो अचूकतेचाही आहे. हजार यार्डांवर पोहोचेपर्यंत सामान्य रायफलची गोळी सुमारे दहा मीटर खाली येते; म्हणून तेवढ्या हिशेबाने नळी वर धरावी लागते. हा हिशेब प्रत्येक गोळीचा वेग सारखा असेल तरच जमतो. एका काडतुसातून गोळी सेकंदाला दहा मीटर कमी वेगाने निघाली, तर हजार यार्डांवर ती सुमारे एक फूट खाली लागते. नेमबाजाचा श्वास, हात आणि दृष्टी कितीही स्थिर असोत. घाऊक उत्पादनातील काडतुसांत असा फरक राहतोच. हाताने, एकेक तोलून भरलेल्या काडतुसात तो पुष्कळ कमी करता येतो, आणि त्या विशिष्ट रायफलला मानवेल अशी गोळी व पुंगळी निवडता येते. म्हणूनच या खेळात काडतूस भरणे ही शिक्षणाचीच एक पायरी मानली जाते.

वऱ्हाडातील मुलाच्या वाट्याला यातले किती येते? अकोला-अमरावतीच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा रायफलशी पहिला परिचय एन.सी.सी.त होतो. अमरावतीला एन.सी.सी.चे गट मुख्यालय आहे, आणि ०.२२ बोअरच्या रायफलीतून मोजक्या गोळ्या झाडल्याची आठवण या भागातील हजारो पदवीधरांजवळ आहे. त्यातील एखाद्याच्या अंगी उपजत नेम असला तर पुढची वाट मावळंकर स्पर्धेकडे जाते. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्याच पुढाकाराने १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. त्यांच्या नावाने भरणारी ही स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेचे दार समजली जाते. परंतु एन.सी.सी. सुटल्यानंतर या दारापर्यंतचा रस्ता स्वतःच्या खर्चाने चालावा लागतो, आणि तेथेच बहुतेकजण थांबतात.

वऱ्हाडची क्रीडापरंपरा काही लहान नव्हे. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले होते. पण त्या परंपरेचे आर्थिक स्वरूप पाहण्यासारखे आहे. मल्लखांबाचा खांब एकदा रोवला की दोन पिढ्या त्यावर कसरती करतात; आखाड्याच्या मातीला तेल-ताक घातले की वर्ष निघते. एका अधिक उडीचा अथवा एका अधिक कुस्तीचा खर्च शून्य. रायफल नेमबाजीत उलट प्रत्येक सरावाला किंमत आहे, आणि गरीब-श्रीमंत हा भेद बारागणिक नव्याने उभा राहतो. आठवड्याला शंभर बारांचा सराव धरला तरी वर्षाला पाच हजारांहून अधिक काडतुसे लागतात.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तिहेरी पवित्र्याच्या स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने कांस्यपदक मिळविले, तेव्हा त्याच्या शिक्षक वडिलांना या खेळाच्या खर्चासाठी कर्ज काढावे लागल्याचे वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचले. पदक मिळाले म्हणून ते कर्ज गौरवाचा विषय झाले. ज्या घरांतून असे कर्ज काढले गेले आणि पदक आले नाही, त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. स्वप्नीलच्या ०.२२ रायफलचे काडतूस पुन्हा भरता येत नाही. त्याचा स्फोटक भाग पुंगळीच्या काठातच असतो आणि घोड्याच्या आघाताने तो काठ चेपला जातो. २०१० साली म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेती ठरलेल्या तेजस्विनी सावंत यांची रायफलही त्याच जातीची. पुनर्भरणाचा उपयोग आहे तो मध्यभागी प्रायमर असलेल्या मोठ्या काडतुसांना, म्हणजे तीनशे मीटरच्या व त्यापलीकडच्या रायफलला आणि सेंटर-फायर पिस्तुलाला. तीनशे मीटरची स्पर्धा १९७२ नंतर ऑलिम्पिकमध्ये राहिलेली नाही. मग तिच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु तिच्या जागतिक स्पर्धा आजही होतात, आणि आपल्याकडे त्या प्रकारात लष्करातील नेमबाजांचेच वर्चस्व का दिसते याचे उत्तर गुणवत्तेइतकेच काडतुसांच्या पुरवठ्यात आहे. ज्याला काडतूस सरकारी खर्चाने मिळते तो सराव करतो, इतरांना तो परवडत नाही.

विरोधाभास असा की काडतूस वऱ्हाडापासून दूर मुळीच बनत नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. भुसावळजवळ वरणगाव येथे १९६४ साली लहान शस्त्रांच्या काडतुसांचा कारखाना निघाला. अकोल्याहून मुंबईकडे जाणारा प्रत्येक प्रवासी भुसावळ येण्यापूर्वी वरणगाव स्टेशन ओलांडतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आले. खाजगी कारखान्यांना अलीकडे परवाने मिळू लागले असले तरी नागरी रायफलच्या काडतुसांवर अनेक दशके सरकारी कारखान्यांचाच एकाधिकार होता. एकाधिकार म्हणजे काय हे वऱ्हाडातील शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. १९७२ पासून चाललेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने ते शिकविले आहे. तेथे खरेदीदार एक होता, येथे विक्रेता एक, एवढाच फरक. लष्करी बोअर नागरिकांना निषिद्ध ठरविल्यामुळे ०.३०३ ऐवजी ०.३१५ अशी वेगळीच जात इच्छापूरच्या कारखान्याने नागरिकांसाठी काढली. ती शिकारीच्या अंतराला पुरेशी असली तरी लांब पल्ल्याच्या स्पर्धेसाठी तिची योजना नव्हतीच.

राहिली आयात. तिच्या सवलतींची शिडी नेमबाजाच्या नामांकनाप्रमाणे चढते. नामवंत ठरलेल्याला सर्वाधिक सवलत, पहिल्या पायरीवरच्याला सर्वांत कमी. म्हणजे काडतुसे मिळण्यासाठी नाव हवे आणि नाव होण्यासाठी काडतुसे हवीत. रॅग्नर नर्क्से यांनी १९५३ साली मांडलेले दारिद्र्याचे दुष्टचक्र वर्गात शिकविताना यापेक्षा सुबक उदाहरण सापडणे कठीण.

पुनर्भरणाच्या वाटेवर खरा अडसर कायद्याचा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे पाचवे कलम परवान्यावाचून काडतूस बनविण्यास मनाई करते. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमातील व्याख्येनुसार काडतुसाचे भाग आणि काडतूस बनविण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश ‘दारूगोळा’ या शब्दातच होतो. टेबलाला बसविण्याचा लहानसा हातप्रेसदेखील त्यामुळे या व्याख्येच्या कक्षेत येतो. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा निर्मितीची शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढविली. परदेशी पुस्तके वाचून घरी हा उद्योग आरंभू पाहणाऱ्या तरुणाने हे पक्के ध्यानात ठेवावे. शिवाय दारूचे माप चुकले तर रायफल फुटून डोळा अथवा हात जाऊ शकतो.

या कडकपणाला इतिहास आहे. लॉर्ड लिटनच्या राजवटीत, १८७८ साली, पहिला व्यापक शस्त्र कायदा झाला तो प्रजेला निःशस्त्र ठेवण्यासाठी. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी ज्या अकरा मागण्या मांडल्या त्यांत मिठावरील कर रद्द करण्याबरोबरच स्वसंरक्षणार्थ शस्त्रपरवाने देण्याचीही मागणी होती. त्यातील पहिल्या मागणीसाठी अकोला जिल्ह्यातील दहिहांड्याच्या खाऱ्या पाण्यातून वऱ्हाडने मीठ काढले. दुसरी मागणी मागे पडली. स्वतंत्र भारताच्या कायद्याने हेतू बदलला, पण संशयाची सवय बरीचशी कायम राहिली.

तथापि, आक्षेप पोकळ नाहीत. तयार काडतूस नगावर मोजता येते, वहीत चढविता येते. दारू ग्रॅमवर असते आणि तिचा हिशेब चुकविणे सोपे. विदर्भाच्या पूर्व टोकाला गडचिरोलीने दीर्घकाळ जे भोगले ते पाहता गृहखात्याने धास्ती घेतली तर तिला दोष देता येणार नाही. सातपुड्यापलीकडून येणारी गावठी पिस्तुले पोलिसांच्या बातम्यांत नित्याची आहेत. परंतु गावठी पिस्तुलाचा धंदा क्रीडा नेमबाजाच्या हातप्रेसची वाट पाहत बसलेला नाही. २०२० साली केंद्र सरकारनेच नेमबाजांच्या काडतुसांची मर्यादा वाढविली. अधिक काडतुसे बाळगण्याइतका ज्याच्यावर विश्वास आहे, त्याला देखरेखीखालीही एकसुद्धा भरता येऊ नये, याची संगती लागत नाही.

इतर देशांनी यातून निरनिराळे मार्ग काढले आहेत. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरण्यास संघराज्याचा परवाना लागत नाही. ती मोकळीक आपल्याला मानवणारी नाही. ब्रिटनने २००६ च्या कायद्याने प्रायमरच्या विक्रीवर बंधन घातले, ग्राहकाला शस्त्राचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. जर्मनीत नेमबाजाला आधी अभ्यासक्रम व परीक्षा पार करून स्फोटक कायद्याखाली व्यक्तिगत परवाना घ्यावा लागतो. जर्मनीची पद्धत आपल्या प्रकृतीला अधिक जवळची वाटते, परंतु घराघरांत दारूचा डबा ही कल्पना येथे पचणार नाही, आणि पचविण्याची गरजही नाही.

वऱ्हाडातील कापूसवाला घरी जिनिंगचे यंत्र ठेवीत नाही. गावाची, सहकारी संस्थेची जिनिंग असते. तो कापूस नेतो आणि रुई करून घेतो. काडतुसाच्या बाबतीत तसेच करता येण्याजोगे आहे. मान्यताप्राप्त जिल्हा रायफल संघटनेच्या मैदानावर, कुलूपबंद खोलीत, एकच भरणकेंद्र असावे. तेथे परीक्षा उत्तीर्ण झालेल्या शिक्षकाच्या देखरेखीखाली सभासदाने स्वतःची काडतुसे भरावीत व त्याच मैदानावर झाडावीत. केंद्राचा परवाना संस्थेच्या नावे, जबाबदारी नामनिर्देशित अधिकाऱ्याची. प्रायमर, दारू आणि गोळ्या म्युनिशन्स इंडियाने मोजलेल्या पाकिटांत अशा केंद्रांनाच विकाव्यात. प्रायमरची संख्या आणि परत आलेल्या पुंगळ्यांची संख्या दिवसअखेर जुळली पाहिजे. कोणत्याही बँकेतील रोखपाल हे काम रोज करतो. यासाठी कायद्याचा पाया बदलावा लागेल असे नाही, कारण पाचवे कलम परवान्याची वाट मोकळी ठेवतेच. हवी आहे ती क्रीडा संघटनेला अशा मर्यादित कामाचा परवाना सुलभपणे देणारी नियमांतील तरतूद, आणि तीही प्रथम तीनशे मीटर व सेंटर-फायर पिस्तूल एवढ्याच प्रकारांपुरती.

पुंगळी कायमची टिकत नाही. काही भरणांनंतर तिच्या मानेला तडा जातो किंवा बुडाजवळ पातळ रेघ दिसू लागते, मग ती मोडीत काढावी लागते. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे हे पितळ पुन्हा वितळवून वापरता येते. अकोल्याच्या केंद्रात बाद झालेल्या पुंगळ्या वर्षाअखेर तोलून वरणगावला परत पाठवाव्यात आणि नव्या पुंगळ्यांच्या किमतीतून त्यांची मोड वळती करून घ्यावी, एवढी सोय कासाराच्या दुकानात पूर्वापार आहे.