टायर कोणत्या दिवसासाठी?

बडोद्याच्या कारेलीबागेत माझे मामा राहतात. शेतावरचे पाण्याचे पंप दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. त्यासाठी सावली तालुक्यातील खेडोपाडी हिंडावे लागते, म्हणून त्यांनी फोर-व्हील ड्राइव्हची जीप ठेवली आहे. हीच जीप सकाळी माझ्या मामेबहिणीला शाळेत सोडते आणि आजीला दवाखान्यात नेते.

गेल्या जूनमध्ये मी तेथे असताना जीपचे टायर बदलण्याची वेळ आली. “या खेपेला चिखलाचेच टायर!” मामांनी जाहीर केले. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती ३५ फुटांच्याही वर गेली. कारेलीबागेत पाणी शिरले. ती धास्ती घरातून अजून गेलेली नाही.

मी काही इंजिनीअर नव्हे. पण टायरच्या दुकानात तासभर बसलो की बऱ्याच गोष्टी कळतात. चिखलाच्या टायरवर रबराचे मोठमोठे ठोकळे असतात आणि त्यांच्यामध्ये रुंद खाचा. चाक फिरले की खाचांतला चिखल बाहेर फेकला जातो आणि ठोकळे पुन्हा जमीन धरतात. शेतात हा गुण खरा. परंतु त्याच खाचांमुळे डांबरी रस्त्याला रबर कमी टेकते. ओल्या रस्त्यावर पकड देणाऱ्या बारीक चिराही त्यात बहुधा कमीच असतात. शिवाय टायर जड, म्हणून तेल जास्त. आणि वेग वाढला की घोंगावणे सुरू.

याचा प्रत्यय लवकरच आला. मामांनी शेजाऱ्यांची तसले टायर लावलेली जीप दोन दिवस मागून आणली. पहिल्या पावसाची भुरभुर चालू होती. अमितनगर सर्कलपाशी एक सायकलवाली मुलगी अचानक आडवी आली. मामांनी ब्रेक दाबला; जीप घसरत गेली आणि सायकलीपासून हातभर अंतरावर थांबली. दोष सगळा टायरचा असे मी म्हणणार नाही. पहिल्या पावसात रस्ता निसरडा असतोच आणि मामांना ती गाडी नवखी होती. पण त्या हातभर अंतराचा विचार माझ्या मनातून जात नाही.

राहता राहिला पूर. गाडी जितके पाणी बाजूला सारते, तितके वजन पाणी उचलून धरते. एक घनमीटर पाणी म्हणजे एक हजार किलो! दीड-दोन टनांची जीप वाहत्या पाण्यात हलकी होऊ लागली, की टायर जमिनीवर पुरता टेकतच नाही. मग त्यावरचे ठोकळे कितीही मोठे असोत, काय उपयोग? पुराच्या दिवशी गाडी उंच जागी ठेवावी आणि आपण घरात राहावे, हेच शहाणपण.

“आणि शेतात रुतलो तर ढकलायला तू येणार का रे?” मामांनी विचारले. प्रश्न रास्त होता. मी त्यांची कामाची वही काढली. आदल्या पावसाळ्यात जीप रुतली होती ती चार वेळा. डांबरी रस्त्यावर मात्र ती रोज धावली होती. ज्याला रोज काळ्या मातीतूनच जायचे आहे त्याने चिखलाचे टायर खुशाल घ्यावेत. आमच्या मामांचे तसे नव्हते.

अखेर मधल्या जातीचे, ऑल-टेरेन टायर घेतले. माप गाडीच्या दारापाशी लिहिलेले तेच. टायरवरचे चार आकडेही पाहिले. ‘२३२५’ म्हणजे २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. जोडीला दोन फळ्या, एक दोर आणि हवा भरायचा छोटा पंप. चिखलात हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी मात्र ती पुन्हा भरलीच पाहिजे.

त्या पावसाळ्यात मामा दोनदा रुतले. एकदा ट्रॅक्टर बोलवावा लागला. त्याबद्दल मला फोनवर बोलणी खावी लागली. मी ती मुकाट्याने ऐकली.

मित्रहो, हे सारे आपल्या मासिकात लिहिण्याचे कारण एवढेच, की आपल्या बेळगावकडेही पश्चिमेला तांबडी माती, पूर्वेला काळी. आणि कॉलेजच्या फाटकाबाहेर चिखल कधी न पाहिलेले चिखलाचे टायर मिरवणाऱ्या गाड्या उभ्या असतात. ऐट करण्याचे वय आहे, मान्य. पण रुतलेली गाडी ट्रॅक्टर काढतो. न थांबलेल्या गाडीपुढे जो सापडतो, त्याला कोण काढणार?