बाजारातला हिशेब, वर्गातले गणित

दिल्ली व कोलकाता येथील बाजारांत विक्रीस बसणारी मुले आठशे ग्रॅम बटाटे आणि एक किलो चारशे ग्रॅम कांदे यांची एकूण किंमत कागद-पेन्सिलीवाचून बिनचूक सांगतात. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,४३६ मुलांची परीक्षा घेतली; तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हीच मुले पाठ्यपुस्तकी पद्धतीच्या साध्या वजाबाकी-भागाकारात अडखळली. उलट, केवळ शाळेत शिकणाऱ्या मुलांना कागदावरची उदाहरणे अधिक जमली. परंतु बाजारातला हिशेब बहुतेकांना पेलला नाही.

म्हणजे उणीव बुद्धीची नव्हे, दोन ज्ञानांना जोडणाऱ्या सेतूची आहे. महाराष्ट्राला हा सेतू अपरिचित नव्हता. पावकी, निमकी, दिडकी हे पाढे व्यवहाराच्या गरजेतूनच रूढ झाले होते. १९५७ साली दशमान नाणी आली आणि पुढे हे पाढे मागे पडले. ते जसेच्या तसे परत आणण्याचे प्रयोजन नाही. मात्र त्यांची जागा रिकामी राहिली, ही हानी खरी.

पुस्तकात आंब्यांची चित्रे छापून ती भरून निघणार नाही. मुलाने तोंडी केलेला हिशेब शिक्षकाने फळ्यावर मांडावा, तेथून त्याला लेखी रीतीकडे न्यावे आणि परीक्षेत दोन्ही रीतींना गुण द्यावेत. अन्यथा बाजारात एका पैशाचीही चूक न करणारा मुलगा शाळेच्या दप्तरी 'गणितात कच्चा' म्हणूनच नोंदला जाईल.