स्वस्त घड्याळ, महाग हौस

एके काळी धाराशिव जिल्ह्यातील लग्नाच्या याद्यांत सायकल आणि रेडिओ यांच्या जोडीला मनगटी घड्याळ असे. ते ‘फेवर-ल्यूबा’ असले, तर वरपक्षाची मान अधिकच ताठ होई. वेळेची गरज आणि प्रतिष्ठेची हौस यांची गाठ त्या एका वस्तूत पडली होती. आज वेळ खिशातला मोबाईलही दाखवितो. उरली आहे ती हौस. म्हणूनच स्विस घड्याळे स्वस्त होणार, या बातमीकडे मध्यमवर्गाने हिशेबी नजरेने पाहिले पाहिजे.

स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिख्टेनश्टाइन या चार देशांच्या ‘एफ्टा’ गटाशी भारताने मार्च २०२४ मध्ये केलेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला. स्विस घड्याळांवरील २० टक्के मूळ आयात शुल्क त्यान्वये सात वर्षांत टप्प्याटप्प्याने नाहीसे व्हावयाचे आहे. परंतु शुल्क घटले म्हणजे किंमत तितकीच घटते, असे नाही. सवलतीचा काही भाग विक्रेता स्वतःकडे ठेवू शकतो. आणि रुपयाच्या तुलनेत स्विस फ्रँक महागला, तर उरलेला भागही त्यातच जिरून जातो.

दुसरा प्रश्न नावाचा. फेवर-ल्यूबा आपले मूळ १७३७ सालापर्यंत नेते आणि भारतीय बाजारपेठेशी तिचे नाते एकोणिसाव्या शतकापासूनचे आहे. पण १९६१ नंतर एचएमटीची देशी घड्याळे आली आणि १९६९ मध्ये जपानच्या सेइकोने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. त्या लाटेत अनेक स्विस कारखाने कोलमडले. फेवर-ल्यूबाही मूळ घराण्याच्या हातून गेली. २०११ मध्ये टायटनने व २०२३ मध्ये इथॉसने, म्हणजे दोन भारतीय कंपन्यांनीच, हे नाव विकत घेतले. २०२४ मध्ये ते पुन्हा बाजारात उतरले, तेव्हा किमती लाखांच्या घरात होत्या. वडिलांच्या मनगटावरील घड्याळ आणि आजचे घड्याळ यांना जोडणारा मुख्य धागा नावाचाच आहे.

‘स्विस मेड’ या शिक्क्याचाही अर्थ समजून घ्यावा. २०१७ पासूनच्या नियमानुसार उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधील असावा लागतो. उरलेला बाहेरचा चालतो. मध्यम किमतीच्या अनेक घड्याळांतील यंत्रही दुसऱ्या कारखान्याकडून घेतलेले असते. यात फसवणूक नाही. मात्र ग्राहक यंत्राइतकीच नावाचीही किंमत मोजतो, हे उघड आहे.

कोणी म्हणेल, ज्याला परवडते त्याने घ्यावे. हे मान्य. पण या सवलतींच्या बदल्यात एफ्टा देशांनी १५ वर्षांत १०० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि १० लाख रोजगार यांचे उद्दिष्ट स्वीकारले आहे. धाराशिवला २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांत गणले, ते येथील मागासलेपणामुळेच. शुल्कमाफीचा लाभ महानगरांतील पेढ्यांना आपोआप मिळेल. रोजगार मात्र मागितल्याशिवाय तुळजापूर-परंड्याकडे वळणार नाहीत. तेव्हा लोकप्रतिनिधींना विचारावयाचा प्रश्न घड्याळ किती स्वस्त झाले हा नसून, त्या रोजगारांपैकी किती येथे आले, हाच असला पाहिजे.