अन्नछत्र आणि करारनामा

पोटासाठी परप्रांती किंवा परद्वीपी गेलेल्या मजुराची काळजी वाहणे हे धर्मसंस्थांचे काम आहे काय, आणि असल्यास त्या कामाची हद्द कोठे संपते, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो. ज्यांच्या पेढीवर धर्मादायाचे खाते निराळे लिहिले जाते, अशा व्यापारी वाचकांनी तर त्याकडे अवश्य लक्ष द्यावे. भुकेल्यास अन्न घालावे, वाटसरूस पाणी द्यावे, याविषयी आपल्या लोकांत दुमत नाही. २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी पुकारली गेली आणि मुंबई, पुणे, सुरत इत्यादी शहरांतील मजुरांचे तांडे पायीच आपल्या मुलखाकडे निघाले, तेव्हा गुरुद्वारांनी लंगर चालविले, देवस्थानांनी अन्न वाटले, मशिदींनी व चर्चांनीही हात आखडता घेतला नाही. हे सर्व आपल्या समाजास भूषणावहच झाले. परंतु त्याच वेळी १९७९ साली केलेला आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा पुस्तकात होता. मजुराची नोंद ठेवावी, त्यास पासबुक द्यावे, घर सोडल्याबद्दल भत्ता व जाण्यायेण्याचे भाडे द्यावे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. जेवणाच्या पंगतीत बसलेल्या मजुरास, ‘बाबा, तुझे पासबुक कोठे आहे? ठेकेदाराकडे तुझी मजुरी किती थकली आहे?’ असे विचारणारे वाढपी किती निघाले? फार थोडे. तो कायदा पुढे नव्या संहितेत सामावला गेला. विचारणे मात्र राहून गेले ते राहूनच गेले.

असे विचारणे हे धर्माचेच काम आहे असे मानून काही माणसे एकदा हजारो कोस समुद्र ओलांडून गेली होती. त्यांची हकिगत थोड्या विस्ताराने सांगणे आम्हांस अवश्य वाटते.

१८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. उसाच्या मळेवाल्यांस त्यामुळे माणसांची चणचण भासू लागली, आणि ती भागविण्यासाठी हिंदुस्थानातून पाच वर्षांच्या करारावर मजूर नेण्याची पद्धत निघाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी मॉरिशसला पहिली तुकडी उतरली. पुढे त्या एका बेटावर सुमारे साडेचार लाख माणसे गेली. त्यांत आपल्या कोकणातील लोकही होते, आणि त्यांचे वंशज आजही तेथे गणेशचतुर्थी पाळतात. इंग्रजी ‘अ‍ॅग्रीमेंट’ शब्दाचा ‘गिरमिट’ असा अपभ्रंश होऊन हे लोक गिरमिटिये म्हणून ओळखले जाऊ लागले. फिजी बेटांवर पहिले जहाज १४ मे १८७९ रोजी पोहोचले आणि १९१६ पर्यंत तेथे साठ हजारांवर माणसे गेली. पुरुषास दिवसास एक शिलिंग व स्त्रीस नऊ पेन्स असा दर. तोही नेमून दिलेले काम पुरे झाले तरच. राहावयास सुमारे दहा फूट लांब व सात फूट रुंद अशा खोल्यांची चाळ; एका खोलीत तीन सडे पुरुष किंवा एक कुटुंब. दर शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया नेण्याचा नियम होता. त्यातून काय अनर्थ उद्भवले असतील, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

या कराराचे खरे विष दरात नव्हते. एखाद्या व्यापाऱ्याने माल वेळेवर पोहोचविला नाही तर त्याजवर दिवाणी दावा होतो. त्यास कोणी तुरुंगात घालीत नाही. गिरमिटियाने मात्र एक दिवस काम चुकविले, किंवा नेमलेले काम अपुरे ठेविले, तर तो फौजदारी गुन्हा ठरे आणि दंड किंवा कैद भोगावी लागे. ज्या कागदावर तो अंगठा उठवी त्या कागदात या शिक्षेचा उल्लेखच नसे. कराराचे हे स्वरूप आमच्या व्यापारी वाचकांस इतरांपेक्षा लवकर कळेल, कारण कागदात न लिहिलेली अट म्हणजे काय असते हे त्यांस रोजच्या व्यवहारात ठाऊक असते.

मजूर भरती करणाऱ्या दलालास आरकाटी म्हणत. हा आरकाटी सावज हेरण्यास जाई तो पुष्कळदा तीर्थक्षेत्री. मथुरा, काशी, प्रयाग अशा ठिकाणी घरच्यांशी भांडून आलेले, चुकलेले, निराधार झालेले स्त्रीपुरुष त्यास अनायासे सापडत. १८९३ साली तोताराम सनाढ्य नावाचा तरुण प्रयागलाच अशा एकाच्या बोलण्यास भुलला आणि एकवीस वर्षे फिजीत काढून १९१४ साली परत आला. त्याने सांगितलेली व बनारसीदास चतुर्वेदींनी शब्दबद्ध केलेली हकिगत हिंदीत प्रसिद्ध झाली, तेव्हा उत्तर हिंदुस्थानात खळबळ उडाली. आपल्या धर्माची पवित्र स्थाने ही माणसांच्या बाजाराची नाकी होऊन बसली होती, ही गोष्ट आपण जितकी लक्षात ठेवावयास हवी तितकी ठेविलेली नाही.

सरकार काय करीत होते? सरकार चौकशी करीत होते. १९१० च्या सँडरसन कमिटीने ही पद्धत एकंदरीत लाभदायक ठरविली. ४ मार्च १९१२ रोजी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी ही पद्धत साफ बंद करावी असा ठराव वरिष्ठ कायदेमंडळात आणला. लोकपक्षाचे सभासद त्यांच्या बाजूस होते, तरी सरकारी मताधिक्याने तो फेटाळला गेला. पुढे सरकारने मॅकनील व चिमणलाल या गृहस्थांस वसाहतींत पाठविले. त्यांच्या अहवालात फिजीतील आत्महत्यांचे भयंकर आकडे स्वच्छ छापले आहेत, आणि तरीही पद्धत थोडीफार सुधारून चालू ठेवावी असाच त्यांचा कौल आहे. आकडे डोळ्यांसमोर असूनही निष्कर्ष निराळा निघू शकतो, याचा यापेक्षा ठळक दाखला आमच्या पाहण्यात नाही.

अशा वेळी धर्माची माणसे पुढे आली. त्यांत पहिला मान मेथॉडिस्ट मिशनरी जे. डब्ल्यू. बर्टन यांस द्यावा लागेल. त्यांनी १९१० साली फिजीवर पुस्तक लिहून मजुरांच्या चाळींचे वर्णन गोऱ्या वाचकांपुढे ठेविले. बर्टनसाहेबांच्या लिखाणात हिंदूंच्या आचारविचारांविषयी मिशनरी थाटाची तुच्छता आहे, हे आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. पण चाळीतील दुर्गंधी त्यांनी पाहिली आणि लिहिली, आणि ते पाहावयास आपल्यापैकी कोणी गेले नव्हते. त्यानंतर १९१५ साली चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज व त्यांचे सहकारी पिअर्सन हे फिजीस गेले. अँड्र्यूज हे अँग्लिकन पंथाचे दीक्षित धर्मोपदेशक. १९०४ साली दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकविण्यास आले आणि पुढे शांतिनिकेतनात रमले. पाठीवर वळ उठलेल्या एका पळून आलेल्या मजुराचा चेहरा आपणांस ध्यानात ख्रिस्ताचा दिसला, असे त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे. कोणी यास भावनेचा भर म्हणो. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, हा साक्षात्कार झाल्यावर त्यांनी भजनाचा मेळा जमविला नाही. ते चाळी पाहावयास गेले. मजुरांशी बोलले, मळेवाल्यांशी बोलले, आणि करारनाम्याचे कलम न् कलम तपासले. फिजीत धान्य किती महाग आहे हे करारात लिहिलेले नाही, शिक्षेचे कलम लिहिलेले नाही, तेव्हा ही संमती म्हणजे संमतीच नव्हे, असे त्यांनी १९१६ च्या अहवालात दाखवून दिले. पुढे १९१८ साली ऑस्ट्रेलियातील स्त्रियांच्या संस्थांनी लंडन मिशनरी सोसायटीच्या फ्लॉरेन्स गार्नहॅम या बाईंस फिजीस पाठवून स्वतंत्र चौकशी करविली. त्यांचाही निकाल तोच.

इकडे मदनमोहन मालवीय यांनी मार्च १९१६ मध्ये पुन्हा ठराव आणला व लॉर्ड हार्डिंग यांनी तत्त्व मान्य केले. कलकत्त्याच्या मारवाडी व्यापाऱ्यांनीही या भरतीविरुद्ध आवाज उठविला होता. १९१७ साली मुंबईच्या जायजी पेटिट यांच्या खटपटीने स्त्रियांचे एक शिष्टमंडळ व्हाइसरॉयांस भेटले. त्याच वर्षाच्या मार्चमध्ये भरती थांबली, आणि १९२० च्या आरंभी फिजीतील उरलेले करार रद्द झाले.

येथपर्यंतची गोष्ट सर्वांस रुचण्याजोगी आहे. पुढची तशी नाही, आणि आमच्या मते खरा धडा तीतच आहे. १९१२-१३ च्या सुमारास कुंती नावाच्या एका मजूर स्त्रीने ओव्हरसियरपासून अब्रू वाचविण्यासाठी नदीत उडी घेतली. ‘भारतमित्र’ पत्राने ती हकिगत छापली आणि देश पेटला. पेटावयासच हवा होता. परंतु लोक पेटले ते अब्रूच्या प्रश्नावर. मजुरीच्या प्रश्नावर नव्हे. करार रद्द झाले, कैदेची भीती गेली, पण महायुद्धानंतरच्या महागाईत साखर कंपनीचा दर पोट भरण्याइतका नव्हता. तेव्हा १९२१ साली वसिष्ठ मुनी नावाचा एक साधू फिजीच्या पश्चिम भागातील ऊस मजुरांत उभा राहिला आणि दिवसास बारा शिलिंग मजुरी मागू लागला. संप सुमारे सहा महिने चालला. सरकारने साधूस बेटावरून हद्दपार केले. कुंतीचे नाव ज्यांच्या जिभेवर होते त्यांपैकी कितीजणांस या साधूचे नाव ठाऊक होते? आजही शंभरांत एकास ते ठाऊक असेल की नाही याचा आम्हांस संशय आहे. भगव्या वस्त्रातील माणूस रोजंदारीचा हिशेब मागतो, हे आपल्या धर्मकल्पनेत बसतच नाही. त्याने प्रवचन केले असते तर मठ बांधून दिला असता.

साखरेचा विषय निघाला आहे तर फिजीपर्यंत जाण्याचे कारण नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून नवरा-बायकोचा एकेक कोयता मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊस तोडावयास निघतो. शेताच्या कडेला कोपी, पहाटेपासून मोळ्या, रात्री-अपरात्री गाडी भरणे, आणि एक दिवस आजारी पडल्यास खाडा. म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर नाहीच, वर दंड. आम्ही गिरमिट व उचल एकच आहेत असे म्हणत नाही. आज काम चुकविणाऱ्यास कायदा तुरुंगात घालीत नाही, आणि मजुरास मत आहे. तथापि कागद कोठे आहे, वजन कोण करतो, उचलीतून किती फिटले हे कोणाच्या वहीवर लिहिले जाते, हे प्रश्न अँड्र्यूजसाहेबांनी विचारले असते तेच आहेत. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. हा आकडा आम्ही पुन्हा एकदा वाचण्याची वाचकांस विनंती करतो. यावरही लोक पेटले. पण अब्रूप्रमाणेच हाही प्रश्न मजुरीपासून, म्हणजे खाड्यापासून, तोडून पाहिला गेला.

कोणी म्हणेल, देवस्थानांनी देवाचे पाहावे, मजुरीचे सरकार पाहील. सरकारने पाहावे हे बरोबरच आहे. पण १९१२ साली सरकारने काय पाहिले ते वर सांगितलेच आहे. शिवाय मजूर मामलेदार कचेरीत बिचकत जातो, देवळात तो आपण होऊन येतो. बीड जिल्ह्यात भगवानबाबांच्या नावाने दसऱ्यास जो विराट मेळावा भरतो त्यात ऊसतोड करणारीच कुटुंबे असतात, आणि टोळ्या निघण्याचे दिवसही तेच असतात. मुंबईत सिस्टर जान डेव्होस या बेल्जियन जोगिणीने १९८५ पासून घरकाम करणाऱ्या, बहुतांशी परप्रांतीय, बायकांची चळवळ उभी केली, तीही प्रार्थनेच्या निमित्ताने नव्हे; पगार, सुट्टी आणि मारहाण या विषयांवर. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला, तो अशा अनेकांच्या चिकाटीनंतर. दुसरा आक्षेप असा येईल की, यातून धर्मांतराचा किंवा राजकारणाचा शिरकाव होईल. ज्यांस ती भीती वाटते त्यांनी जागा रिकामी ठेवू नये, इतकेच आमचे उत्तर आहे.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक मोठ्या देवस्थानाने, दर्ग्याने व चर्चने आपल्या आवारात आठवड्यातून एक दिवस मजुराचा कागद वाचून दाखविणारा एक कारकून बसवावा. तो मराठी, कन्नड व हिंदी जाणणारा असावा. उचल, दर, वजनाची पावती व खाड्याची अट या चार गोष्टी लिहून, मुकादमाची व मजुराची सही घेऊन, त्याची एक प्रत संस्थेने आपल्या दप्तरी ठेवावी. व्यापारी मंडळींनी धर्मादायातून त्या कारकुनाचा पगार द्यावा. एका भंडाऱ्याच्या खर्चात तो वर्षभर सहज निघेल. आणि ज्या संस्था हे काम अंगावर घेतील त्यांनी आधी आपल्याच आवारात ठेकेदाराकरवी झाडलोट करणाऱ्यांस महिन्याकाठी प्रत्यक्ष किती रुपये हाती पडतात, याची चौकशी करून तो आकडा नोटीसफलकावर लावावा. गाळपाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एखाद्या संस्थेने असा आकडा लावल्यास तो आम्ही याच स्तंभात प्रसिद्ध करू.